स्मार्ट लेन्सच्या डीलरशिपसाठी चार लाख भरू का?

ताई, नमस्कार.

आमचं नवी पेठेत चष्म्याचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, आता अप्पा बघतात. मी पुण्यात ऑप्टोमेट्री केली आणि गेल्या वर्षी परत येऊन दुकानात बसायला लागले. अप्पांना बरीच वर्षं साखर आहे. माझा आतेभाऊ बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. गड्ड्याच्या यात्रेला आला तेव्हा जेवताना म्हणाला, "मामा, चष्मा पाच वर्षांत संपला. मोबाइलसकट सगळं डोळ्यातल्या लेन्समध्ये येणार. दुकानाला आत्ता भाव आहे तोवर विकून टाका." अप्पा त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले.

त्यातच मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. साखर मोजणारी आणि डोळ्यासमोर स्क्रीन दाखवणारी 'स्मार्ट लेन्स', तिची सोलापूर, धाराशिव आणि लातूर अशा तीन जिल्ह्यांची डीलरशिप देतो म्हणतात. माल दिवाळीपर्यंत येईल, अनामत चार लाख आत्ताच. अप्पांचं म्हणणं, भरून टाकू, नाहीतर दुसरा कोणी घेईल. मला पुण्यातल्या एका मोठ्या साखळी दुकानात नोकरीही चालून आली आहे. पैसे भरावेत का? आमचं दुकान पुढे चालेल का? की मी सरळ पुण्याला जावं?

– चष्मेवाल्यांची मुलगी, सोलापूर

चष्मेवाल्यांच्या लेकी,

पैशाचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं वाचून होईपर्यंत अप्पा चेक फाडून मोकळे व्हायचे. भरू नका. 'सध्या टोकन म्हणून पन्नास हजार द्या' असं म्हणाले तरी नाही. डोळ्यासमोर स्क्रीन दाखवणारी कॉन्टॅक्ट लेन्स आज जगातल्या कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही. साखर मोजणारीही नाही. जो माल अजून कोणी बनवून बाजारात आणलेलाच नाही, त्याची तीन जिल्ह्यांची डीलरशिप म्हणजे बाजारात तुरी.

ते गृहस्थ पुन्हा आले की त्यांच्याशी वाद घालू नकोस. चहा दे आणि एक कागद माग. कॉन्टॅक्ट लेन्स आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांत मोडते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे ती परदेशातून आणून विकायची तर केंद्राच्या औषध नियंत्रकांकडून एमडी-१५ नमुन्यातला आयात परवाना लागतो. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, कारखान्याचा पत्ता आणि उपकरणाचं नाव असं सगळं असतं. त्याची झेरॉक्स माग. 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं तर 'परवाना हातात आला की या, अनामत त्या दिवशी' एवढंच म्हण. खरा माणूस पुन्हा येईल. जाता जाता, वैद्यकीय उपकरणं विकणाऱ्या दुकानालाही एमडी-४२ ची नोंदणी लागते. तुमची झाली आहे का ते अप्पांना विचार, कारण जुन्या दुकानांत हा कागद हटकून राहून गेलेला असतो.

आता आतेभावाकडे वळते. तो थापा मारत नाही. त्याने जे बघितलंय ते खरं आहे, फक्त अर्धं आहे.

कॅलिफोर्नियातल्या मोजो व्हिजन या कंपनीने २०२० च्या जानेवारीत आपली लेन्स जगापुढे आणली. तिच्यातला पडदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान होता आणि त्यावर इंचाला १४,००० ठिपके होते. २०२२ च्या जूनमध्ये कंपनीचे प्रमुख ड्रू पर्किन्स यांनी ती लेन्स स्वतःच्या डोळ्यात घातली. ही बातमी जगभर गेली, बंगळूरला तर गेलीच. त्यानंतर सातच महिन्यांत, २०२३ च्या जानेवारीत, कंपनीने लेन्सचं काम थांबवलं, सुमारे तीन-चतुर्थांश माणसं कमी केली आणि तो इवला पडदा दुसऱ्या उपकरणांसाठी विकायचा धंदा धरला. ही दुसरी बातमी मात्र तुमच्या पंगतीत पोचली नाही. यात तुझ्या भावाचा दोष नाही. नवं यंत्र आल्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि ते गुंडाळल्याची कुठेतरी आत.

हे काम इतकं का अडतं, ते तू ऑप्टोमेट्री शिकलेली असल्यामुळे तुला समजावणं सोपं आहे. अप्पांना तुझ्या भाषेत सांग.

बोट डोळ्यापासून दोन इंचांवर धरलं तर धूसर दिसतं, आणि इथे पडदा थेट कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थरावर, बसवायचा आहे. इतक्या जवळचं डोळा स्वतःहून कधीच फोकस करू शकत नाही. म्हणून त्या पडद्यापुढे सूक्ष्म भिंगं बसवून किरण बाहुलीतून थेट रेटिनाच्या मधोमध, फोवियावर टाकावे लागतात. म्हणजे तो नुसता पडदा राहत नाही, छोटा प्रोजेक्टरच होतो, आणि त्याच्यापलीकडचं जगही डोळ्याला दिसत राहिलं पाहिजे. एवढं साधलं तरी दुसरा पेच उभा राहतो. लेन्स डोळ्याबरोबर फिरते. तू डावीकडे बघितलंस की चित्रही डावीकडे सरकणार, उजवीकडे बघितलंस की उजवीकडे. रस्त्याचं नाव रस्त्यावर लिहिलेलं दिसायला हवं, तर ते नजरेला चिकटून फिरणार. त्यात रेटिनावर एकाच जागी खिळून राहिलेलं चित्र मेंदू काही सेकंदांत पुसून टाकतो, हे तू पुस्तकात वाचलंच असशील. त्यामुळे डोळ्याची प्रत्येक हालचाल मोजून चित्र तेवढंच उलट सरकवावं लागतं. मोजोच्या लेन्समध्ये त्यासाठी वेगळे सेन्सर होते. ते आकडे हाताळायला आणि बाहेरच्या जगाशी बोलायला गळ्याजवळ घालायचं वेगळं यंत्र होतं. डोळ्यात मावणारा संगणक म्हणायचं, पण अर्धा संगणक गळ्यातच.

मग विजेचा प्रश्न. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये कॉर्नियाएवढी, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची लवचिक बॅटरी दाखवली. ती मिठाच्या पाण्यावर चालते, त्यामुळे अश्रूंवरही चालवता येईल असा त्यांचा विचार आहे. कल्पना सुरेख आहे, मला मनापासून आवडली. पण तिच्यातून मिळणारी शक्ती मायक्रोवॅटांत मोजावी लागते. एखादा सेन्सर त्यावर जागा राहील, सिनेमा दिसणार नाही.

आणि मला सगळ्यात खरा वाटणारा अडसर विजेचा नाहीच, हवेचा आहे. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारा बहुतेक ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून, अश्रूंमधून मिळतो. साध्या मऊ लेन्समधून पुरेसा ऑक्सिजन आत जावा म्हणून उद्योगाने कित्येक वर्षं डोकं फोडलं, तेव्हा १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल बाजारात आलं. आता त्याच लेन्सच्या पोटात चिप, अँटेना आणि बॅटरी भरायची म्हणजे जी दारं मोठ्या कष्टाने उघडली तीच पुन्हा लावून घ्यायची. वर त्या चिपची उष्णता. मे महिन्यात दुपारी दोनला पार्क चौकात उभं राहून डोळ्यातलं यंत्र तापेल का याचा विचार करून बघ.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बनवली चेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विख्टरले यांनी, १९६१ च्या नाताळात, घरी बसून. मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून त्यांनी यंत्र बनवलं आणि त्यावर लेन्स ओतून काढल्या. तीच लेन्स अमेरिकेत विक्रीला मान्य व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे ज्यात तार नाही, चिप नाही, नुसता मऊ जेल आहे, त्या वस्तूला स्वयंपाकघरातून दुकानात यायला दहा वर्षं लागली. डोळ्यात घालायच्या वस्तूबाबत घाई चालत नाही, आणि चालू नये.

साखर मोजणाऱ्या लेन्सकडे येते, कारण अप्पांचा जीव खरा तिथे अडकलाय असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं. रोज बोट टोचून घेणाऱ्या माणसाला 'डोळ्यात घाला, साखर कळेल' असं कोणी सांगितलं तर चार लाख त्याला स्वस्तच वाटणार. गूगलने २०१४ च्या जानेवारीत अशी लेन्स जाहीर केली होती आणि त्याच वर्षी नोव्हार्टिस ही औषध कंपनी तिच्या जोडीला आली. पैसा, माणसं, कशाचीही कमी नव्हती. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये गूगलच्या भावंड कंपनीने, व्हेरिलीने, काम थांबवल्याचं जाहीर केलं. कारण सरळ आहे. अश्रूंत साखर असते, पण रक्ताच्या मानाने फारच थोडी, आणि ती रक्तातल्या साखरेच्या मागे भरवशाने चालत नाही. कांदा चिरताना आलेलं पाणी, धुळीने आलेलं पाणी आणि एरवी डोळ्यात असणारा ओलावा यांची घडण वेगवेगळी असते. यंत्राने कुठल्या पाण्याला विचारायचं? इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला चुकीचा आकडा मिळाला तर तो त्यावर इन्सुलिन टोचणार, आणि मग रात्री साखर उतरून तो बेशुद्ध.

टोचणं कमी करायचं असेल तर त्याला आजच उपाय आहे आणि तो डोळ्यात नाही, दंडावर आहे. दंडाला चिकटवायचा सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर दिवसरात्र मोजतो. एक सेन्सर साधारण चौदा दिवस टिकतो आणि तो भारतात मिळतो. महाग आहे. अप्पांना त्याची गरज आहे की नाही हे त्यांचे डॉक्टर सांगतील. आणखी एक गोष्ट तुला ठाऊक असेल, पण घरच्या माणसाच्या बाबतीत आपण ती विसरतो. जुन्या मधुमेहात कॉर्नियाची संवेदना कमी होते आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणजे ज्याच्यासाठी ही लेन्स बनवायची, त्याच्याच डोळ्यात ती घालताना सगळ्यात जास्त जपायला हवं. या धंद्याची जाहिरात करणारे हे कधी सांगत नाहीत.

मग लेन्सला भविष्यच नाही, असं मी म्हणतेय का? अजिबात नाही. फक्त ते भविष्य तुझ्या भावाला दिसतंय त्या वाटेने येत नाहीये.

जे खरोखर मान्यता मिळवून बाहेर आलं ते बघ. स्वित्झर्लंडच्या सेन्सिमेड कंपनीच्या ट्रिगरफिश लेन्सला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये परवानगी दिली. ती काचबिंदूसाठी आहे. दवाखान्यात सकाळी अकरा वाजता डोळ्याचा दाब मोजला आणि तो १० ते २१ या नेहमीच्या मर्यादेत निघाला, म्हणून पहाटे तीन वाजताही तो तेवढाच असेल असं नाही. काचबिंदूच्या कित्येक रुग्णांमध्ये दाब रात्री चढतो. ही लेन्स चोवीस तास डोळ्यात राहते आणि डोळ्याच्या आकारात होणारे अतिसूक्ष्म बदल टिपते. दाबाचा आकडा देत नाही, चढउताराचा आलेख देते. दिसायला ती मुळीच झकपक नाही. डोळ्याभोवती चिकटवायची अँटेना, तिथून वायर आणि अंगावर बाळगायचं रेकॉर्डर. घालून कोणी मिरवणार नाही. पण डॉक्टरला एरवी न दिसणारी रात्र ती दाखवते.

२०२२ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका लेन्सला एफडीएची मान्यता मिळाली. तिच्यात ॲलर्जीची खाज शमवणारं केटोटिफेन हे औषध भरलेलं असतं आणि ते डोळ्यात हळूहळू उतरतं. २०१९ मध्ये कूपरव्हिजनच्या मायसाइट लेन्सला मान्यता मिळाली, आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा वाढता मायनस नंबर धिमा करण्यासाठी. हिच्यात तर वीजही नाही, फक्त लेन्सची घडण हुशारीने केलेली. मला विचारशील तर या सगळ्यांत खरी स्मार्ट हीच.

मोठी स्वप्नं बघणारेही संपलेले नाहीत. दुबईच्या एक्सपॅन्सिओ कंपनीने २०२५ मध्ये २५ कोटी डॉलर उभे केले. त्याच वर्षी चीनमधल्या संशोधकांनी, एरवी डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड दिसू शकेल अशी लेन्स प्रसिद्ध केली, आणि तिच्यातही बॅटरी नाही. तेव्हा तुझा भाऊ पंधरा-वीस वर्षांनी बरोबर ठरू शकतो. माझा स्वतःचा अंदाज असा, की आधी दवाखान्यातून लिहून दिलेल्या लेन्स येतील, एखाद्या रोगावर नजर ठेवणाऱ्या किंवा औषध सोडणाऱ्या. मग ज्यांना नजर खूप कमी आहे त्यांच्यासाठी. दिवसभर घालून मेसेज वाचायची लेन्स सगळ्यात शेवटी येईल, आणि आली तरी किती लोक ती घालतील याची मला शंका आहे. चाळिशी लागलेल्या माणसाला जवळचं आपोआप फोकस करून देणारी लेन्स कोणी काढली तर गोष्ट वेगळी. तिच्यासाठी मात्र रांग लागेल, रांगेत मीही असेन.

पाच वर्षांत चष्मा संपण्याचं म्हणशील, तर घडतंय ते बरोबर उलटं. इलेक्ट्रॉनिक्सला जागा हवी होती, बॅटरीला जागा हवी होती, कॅमेऱ्याला आणि स्पीकरला जागा हवी होती. ती सगळी चष्म्याच्या काड्यांत सापडली. मेटा आणि रे-बॅनचा कॅमेरावाला चष्मा २०२५ च्या मे महिन्यात भारतात आला, किंमत २९,९०० रुपयांपासून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत त्याचा पुढचा भाऊ आला, त्याच्या उजव्या काचेत चक्क पडदा आहे. आणि नंबर असलेल्या माणसाला अशा फ्रेममध्ये काचा बसवून लागतात. तो नंबर कोण काढणार, पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, कोण मोजणार, नाकावर नीट बसतोय का हे कोण बघणार? चष्मेवालाच. अप्पांना सांग, चष्मा मेलेला नाही, चष्म्याला पाय फुटलेत.

डीलरशिपच्या बाबतीत मला धाकधूक वाटण्याचं आणखी एक कारण आहे. डोळ्यातलं यंत्र विकलं की जबाबदारी संपत नाही. अमेरिकेतल्या सेकंड साइट या कंपनीने आर्गस टू नावाचं कृत्रिम दृष्टीचं यंत्र बनवलं. एफडीएने त्याला २०१३ मध्ये मान्यता दिली आणि जगभरात साडेतीनशेहून अधिक अंध माणसांच्या डोळ्यांत ते शस्त्रक्रियेने बसवलं गेलं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, पुढे पैसेही आटले. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला कोणी उरलं नाही. डोळ्यात यंत्र आहे आणि यंत्राला वाली नाही, अशी त्या माणसांची गत झाली. स्मार्ट लेन्स निदान डोळ्यातून काढून टाकता येते. पण ज्या गिऱ्हाइकाने ती घेतली ते कॅलिफोर्नियाला किंवा दुबईला जाणार नाही. ते नवी पेठेत येईल आणि अप्पांच्या काउंटरवर हात आपटेल. आजोबांच्या नावाचं दुकान आहे ते.

आता तुझं स्वतःचं. पत्रात तू ते शेवटी लिहिलंस, मला मात्र मुख्य प्रश्न तोच वाटला.

मोजोची ती लेन्स कुठल्या जातीची होती ते बघ. मऊ लेन्स प्रत्येक पापणीला थोडी हलते आणि ती हललीच पाहिजे. पडदा असलेली लेन्स हलून चालणार नाही, म्हणून त्यांनी कडक स्क्लेरल लेन्स घेतली, जी बुबुळावर न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. उद्या पडद्यावाली लेन्स आलीच तर ती बहुधा याच घराण्यातली असेल आणि प्रत्येक डोळ्याला मोजून बसवावी लागेल. ती बसवता येणारी माणसं आज तुझ्या ओळखीत किती आहेत? सोलापुरातल्या चष्म्याच्या दुकानांत शोधून बघ.

आणि ते काम भविष्यातलं नाही, आजचं आहे. केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन सुळक्यासारखी पुढे येते त्या आजाराची, मुलं तुझ्याकडे येतच असतील. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, सतत डोळे चोळतंय, सिलिंड्रिकल नंबर दर सहा महिन्यांनी बदलतोय, चष्म्याने स्वच्छ दिसतच नाही. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, रोग थांबवायचे उपचार ते करतील. पण त्यानंतर त्याला नीट दिसायला आरजीपी (हवा आत जाऊ देणारी कडक) किंवा स्क्लेरल लेन्सच लागते, आणि त्यासाठी इथल्या आईबापांना पोराला घेऊन पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. लेन्स सैल झाली, परत गाडी. टोचायला लागली, परत गाडी.

तुमच्या चार लाखांत एक चांगला स्लिट-लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून तपासायचं यंत्र, आणि आरजीपी लेन्सचा ट्रायल सेट येऊन वर पैसे उरतील. स्लिट-लॅम्प दुकानात असेल तर उत्तमच, तेवढे पैसे कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या टोपोग्राफरकडे वळव. आधी मात्र शीक. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत स्क्लेरल लेन्सचं काम बरीच वर्षं चालतं. सोलापूरहून हैदराबाद काही परमुलूख नाही, आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीत निम्म्या घरांचे पाहुणे तिकडचेच. तिथे किंवा पुण्यातल्या एखाद्या चांगल्या कॉन्टॅक्ट लेन्स क्लिनिकमध्ये हाताखाली काम करायला मिळतं का ते विचार. पगार साखळी दुकानापेक्षा कमी मिळेल, मिळू दे. साखळी दुकानात तू दिवसभर नंबर काढशील आणि महिनाअखेर फ्रेमच्या विक्रीचं टार्गेट मोजशील. नोकरी वाईट नाही, पण त्यासाठी तुला इतकं शिकायची गरज नव्हती. वर्षभर शिकून परत येण्याची बोली अप्पांशी आत्ताच करून घे, म्हणजे त्यांना 'पोरगी गेली' असं वाटणार नाही.

परत आलीस की लेन्स विकण्यापेक्षा लेन्स नाकारायला आधी शीक. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी पिंपं आणि टाक्या भरलेल्या. त्या साठवणीच्या पाण्याने कोणी लेन्स किंवा तिची डबी विसळली की पाण्यातला अकँथामिबा हा सूक्ष्म जीव डोळ्यात शिरायला वाट मोकळी. तो संसर्ग किती चिवट असतो आणि कॉर्नियाचं काय करून ठेवतो ते तुला सांगायला नको. झोपताना लेन्स तशीच ठेवली तर संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. लग्नाला म्हणून रंगीत लेन्स घेतात, मैत्रिणीची घालून बघतात, त्यातच झोपतात. अक्कलकोट रोडला यंत्रमागावर आठ-दहा तास उभा राहणारा माणूस लेन्स मागायला आला तर त्याला चष्माच दे. हवेतलं कापसाचं तूस आणि शेडमधला उकाडा लेन्सला मानवत नाही. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला लागलं तर अप्पा कुरकुरतील. त्यांना सांग, तेच गिऱ्हाईक मुलाला घेऊन तुझ्याकडे येईल, कारण त्याच्याशी तू तेलुगूत दोन शब्द बोलतेस आणि खरं बोलतेस. साखळी दुकानाला यातलं पहिलंही जमत नाही.

आतेभावाशी भांडू नकोस. पुढच्या वेळी आला की त्याला खुर्चीवर बसव आणि त्याचा नंबर काढ. दिवसभर स्क्रीनपुढे बसणारा आहे, डोळे कोरडे पडलेले असणार. पापण्या किती वेळा मिटतो ते मोज आणि त्याला दाखव. मग लेन्सच्या भविष्याबद्दल त्याच्याशी बोल.

राहिले अप्पा. चार लाख वाचले म्हणून खूश होण्याआधी त्यांची रेटिना तपासून घे. इतक्या वर्षांच्या साखरेला वर्षातून एकदा तपासणी हवीच, आणि चष्मेवाल्यांच्या घरात ती हमखास राहते. ओळखीच्या डॉक्टरकडे ने, नाहीतर सिव्हिलला ने, पण याच महिन्यात. बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, तेव्हा त्या दिवशी त्यांना काउंटरवर बसू देऊ नकोस. ते ऐकणार नाहीत, तरी किल्ल्या तुझ्याकडे ठेव.